अबोलीच्या रिळाशी जुळणारी पाल

सृष्टीला आपल्या मनासारखं वळण लावण्याचं भाग्य फार थोड्या घराण्यांच्या वाट्याला येतं. आमच्या घराण्याच्या वाट्याला ते पनवेलच्या खांदा कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत आलं. बाबांनी बाल्कनीला सरकत्या काचा बसवून घेतल्या आणि आत चार फळ्यांचं लोखंडी रॅक उभं केलं. त्या फळ्यांवर चपट्या प्लास्टिकच्या पेट्यांमधून आमच्या पाली राहायच्या. कपडे तेव्हापासून हॉलमध्ये पंख्याखाली वाळू लागले, आणि पाहुण्यांना ओल्या परकरांच्या रांगेतून वाट काढत सोफ्यापर्यंत यावं लागे. पाली म्हटलेलं बाबांना चालत नसे. लेपर्ड गेको म्हणायचं. त्या भिंतीवर चढत नाहीत, चुकचुकत नाहीत, त्यांना पापण्या असतात आणि त्या डोळे मिटून झोपतात, हे सगळं बाबा येईल त्याला सांगत. ऐकणारा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "पण आहे पालच ना?"

बाबा खारघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बरण्यांमधले बेडूक मुलांना काढून द्यायचे आणि तास संपला की मोजून परत ठेवायचे, असं ते काम. इतकी वर्षं मेलेले प्राणी सांभाळल्यावर माणसाला जिवंत प्राण्याची ओढ लागत असावी. परदेशी शिकायला निघालेल्या एका विद्यार्थ्याने आपली नर-मादीची जोडी बाबांकडे दोन महिन्यांसाठी ठेवली आणि तो परत आलाच नाही. जोडीला पिलं झाली. त्यांतली जरा तांबूस होती ती बाबांनी ठेवली, बाकीची वाटून टाकली. ठेवलेल्यांची पुन्हा पिलं झाली, पुन्हा निवड झाली. तीन-चार वर्षांत बाबांनी एक जाड प्रयोगवही केली आणि जेवताना ते या वंशाला 'माझी लाइन' म्हणू लागले. सोसायटीच्या सत्यनारायणाला सेक्रेटरींनी 'आपल्या इमारतीला लाभलेले शास्त्रज्ञ' म्हणून त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि त्याच भाषणाच्या शेवटी बाल्कनीतला एकही प्राणी जिन्यात दिसता कामा नये अशी सूचना वाचून दाखवली. बाबांनी ती सूचना शाल पांघरूनच ऐकली.

पाली मुक्या होत्या, पण त्यांचं जेवण गात असे. एका झाकणाच्या टबात, अंड्यांच्या ट्रेच्या घड्यांमध्ये बाबांनी रातकिडे पाळले होते, आणि ते दिवसाढवळ्या अखंड किरकिरत. फोनवर बोलणारा पलीकडून विचारायचा, तुम्ही गावाला आहात का. शिवाय गव्हाच्या कोंड्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या. त्यांच्यासाठी आईचा चकल्यांचा स्टीलचा डबा गेला होता, आणि त्या दिवाळीला आमच्याकडे चकल्या झाल्या नाहीत. रातकिड्यांना गाजर घालायचं, अळ्यांना बटाट्याची साल, आणि मग ते सगळं कॅल्शियमच्या पुडीत घोळवून पालींना. आई पोळ्या लाटता लाटता बघायची आणि म्हणायची, "माझ्या पोरीला दूध प्यायला सांगून थकले. हिच्यापेक्षा त्यांच्याच हाडांची काळजी जास्त."

आई घरी ब्लाउज शिवायची. खांदा कॉलनीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत होती आणि त्यांच्या संसाराच्या गोष्टी तिच्या डोक्यात, पण तिची खरी हुशारी रंगात होती. साडीचा काठ एकदा बघितला की ती डब्यातून न चुकता तेच रीळ काढायची. दुकानदार 'चालून जाईल' म्हणायचा ते तिला कधी चाललं नाही. पालींकडे ती एरवी ढुंकूनही बघत नसे. एकदाच बाबा दहा महिन्यांची एक मादी तळहातावर घेऊन तिच्या मशीनपाशी आले. आईने पाय थांबवला, चष्मा वर केला आणि डब्यातून एक रीळ काढून त्या पालीच्या पाठीशेजारी धरलं.

"अबोली," ती म्हणाली. "मानेपाशी अगदी अबोली. खाली शेपटीकडे भगवा होतोय. आणि हे ठिपके काढा."

"ठिपके हळूहळू जातील," बाबा म्हणाले. "दोन पिढ्या द्या मला."

"घ्या की. मी कुठे जातेय."

ते रीळ बाबांनी मागून घेतलं आणि रॅकच्या वरच्या फळीवर ठेवलं. मादीचं नाव अबोली झालं. पुढे जी काही निवड व्हायची ती त्या रिळाशी लावून. माणसं ज्या गोष्टींना जीवनध्येय वगैरे म्हणतात त्या मी पुढे बऱ्याच पाहिल्या, त्यांच्यासाठी भरलेल्या सभाही पाहिल्या. त्यांपैकी एकीचीही मोजपट्टी इतकी नेमकी नव्हती.

मग आई आजारी पडली. मी अकरावीला होते. पोटात दुखतं म्हणून तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि साड्यांच्या दुकानाच्या एका पिशवीत कागद साठत गेले. ती पिशवी बाबा कपाटावर ठेवायचे. आजाराचं नाव घरात कुणी उच्चारलं नाही. मीही विचारलं नाही. मला भीती वाटत होती असं म्हणायला हवं, पण तसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मशीनवर खोळ घातली होती आणि मी रोज त्या खोळीवर कॉलेजची बॅग ठेवत असे.

आईचं बघायला गव्हाणहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. येताना तिने तांदळाचं पीठ, कडू वाल आणि सुकटीची पुडी आणली. सुकट भाजल्याचा वास आईला सोसेना, तेव्हा आत्याने पुडी बांधून खिडकीबाहेर जाळीला टांगली आणि शेवटपर्यंत स्वतःही खाल्ली नाही. सकाळी आईला पेज, दुपारी मऊ भात, आम्हाला भाकरी आणि वालाचं कालवण. आत्या आईला उठवून बसवायची, न्हाऊ घालायची, केस विंचरायची. बाबा कॉलेजात साहेबी मराठी बोलत, पण आत्या आली की त्यांच्या तोंडात गव्हाण परत यायचं.

आठवडाभराने आत्याचं लक्ष बाल्कनीकडे गेलं. बाबा तेव्हा अबोलीसाठी नर निवडत होते. मी शेजारी वही घेऊन उभी होते. आत्याने मला विचारलं, "हा कोन आन ती कोन?" मी सरळ सांगितलं की हा तिचा भाऊ. रंग पक्का करायचा तर भावा-बहिणीचीच जोडी लावतात.

आत्याने दोन्ही पेट्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पदर खोचून म्हणाली, "नरेश. भाव-बहिनीचं लगीन लावतस?"

"अक्का, जनावरं हायत ती."

"जनावरं हायत, पन रातात कुनाच्या घरात? घरात आजारी बायको हाय. असला अधर्म घरात ठेवून तिला गुन येल का? मी नाय रानार इथं. मना गाडीत बसवून दे."

"अगं, शास्त्रात असंच करतात."

"कुठल्या शास्त्रात? भटाला विचार."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या गेली तर आईला उठवायला कुणी नव्हतं. एवढ्यात आतून आईचा आवाज आला, "वन्सं म्हणतात तसं करा. बाहेरचा आणा."

बाबा दारात गेले. "सुनंदा, रंग पातळ होईल."

"होऊ दे थोडा पातळ. मी ओळखेन."

तर खारघरच्या एका मुलाकडून बाहेरचा नर आला. साधा, पिवळट, तब्येतीने दणकट, रंगाच्या बाबतीत सांगण्यासारखं काही नाही. आत्याने त्याची पेटी दारातच थांबवून तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि तेव्हापासून घरात त्याला जावई म्हणायची पद्धत पडली. "जावई जेवला का?" आत्या जेवायला बसण्यापूर्वी विचारायची, आणि आई अंथरुणातून हसायची. त्या महिन्यांमध्ये तिच्या हसण्याचं मला आठवणारं कारण जवळजवळ तेवढंच. बाबांनी पुढचाही बेत आखला. आलेली मुलगी अबोलीच्या भावाला द्यायची. "मामा-भाचीचं चालतं का गं अक्का?" "नाय चालत." "मग मामाच्या पोरीशी?" "त्ये चालतं," आत्या म्हणाली. बाबांनी वहीत एक पिढी वाढवली.

अबोलीने दोन अंडी घातली. पालीचं अंडं कोंबडीसारखं टणक नसतं. जाड कागदासारखं असतं, बोटाने दाबलं तर दबतं. ते घातलं तसंच उचलायचं, उलटं होऊ द्यायचं नाही. म्हणून बाबांनी वरच्या बाजूला पेन्सिलीने एकेक टिंब काढलं आणि नर्सरीत मिळणाऱ्या ओल्या पांढऱ्या दाण्यांत ती अंडी ठेवून डबा खोक्यात बंद केला. खोका म्हणजे मासळीच्या बर्फाचा थर्माकोलचा खोका. त्यात गरम होणारी वायर आणि बाहेर लाल आकडे दाखवणारा थर्मोस्टॅट. कितीही धुतला तरी खोक्याला बोंबलांचा वास येत असे. या जनावरांत नर की मादी हे जोडीवर ठरत नाही, उबेवर ठरतं. सत्तावीस अंशांवर ठेवलं तर बहुतेक माद्या होतात, आणि पिलू बाहेर यायला दोन महिने लागतात. बत्तीसच्या आसपास ठेवलं तर बहुतेक नर, आणि दीड महिन्यात मोकळे. बाबांकडे अबोलीच्या वंशातले नर तीन होते आणि मादी ती एकटीच. म्हणून सत्तावीस. पनवेलमध्ये ज्याला थंडी म्हणतात ती चालू होती, म्हणजे दुपारी बाल्कनी तापायचीच. कॉलेजातून आल्यावर आकडा वर गेलेला दिसला तर फ्रीजरमधली गोठवलेली पाण्याची बाटली खोक्यात ठेवायची, हे काम माझं. आकडा अर्ध्या अंशाने चुकवून सांगितला तर बाबा रागवायचे. वही खोटी झाली की सगळं खोटं, असं ते म्हणायचे.

दहा-बारा दिवसांनी, एका दुपारी मी आले तर आकडा बत्तीस. बाटली ठेवली, तरी उतरेना. मग बघितलं तर थर्मोस्टॅटच बत्तीसवर लावलेला. बटणाला कुणाचा तरी धक्का लागला असेल म्हणून मी तो सत्तावीसवर आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बत्तीस. मी आत्यावर चिडले.

"मी कशाला हात लावू त्या पालींच्या पेटीला?" आत्या म्हणाली. "माझं हात काय रिकामं हायत? बापाला विचार तुज्या."

मी बापाला विचारलं नाही. पुन्हा सत्तावीस केलं. तिसऱ्या दिवशीही तेच झालं, चौथ्या दिवशीही. आमच्या घरात कुणीतरी एक बटण रोज पाच अंश चढवत होतं आणि मी ते रोज पाच अंश उतरवत होते, आणि जेवायला आम्ही सगळे एकत्र बसत होतो. पाचव्या दिवशी आमचा शेवटचा तास झाला नाही. मी लवकर घरी आले. बाबा घरी होते. त्या दिवशी ते आईचे कागद घेऊन हॉस्पिटलात गेले होते, हे मला पिशवी सोफ्यावर पडलेली दिसली तेव्हा आठवलं. ते बाल्कनीत खोक्यापुढे वाकून उभे होते. मी नेहमीप्रमाणे फ्रीजरमधून बाटली काढली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांचं बोट बटणावर होतं.

"बाबा, नर होतील."

"होऊ देत."

"आपल्याला माद्या हव्यात ना? लाइन बंद पडेल."

"राहू दे, मनू."

बाबांनी वळून बघितलं नाही. मी तिथेच उभी राहून आकडा चढताना बघत होते. अठ्ठावीस. अठ्ठावीस पॉइंट चार. दोन महिन्यांच्या जागी दीड महिना. यात अवघड काही नव्हतं, चौथीतल्या मुलालाही जमेल अशी वजाबाकी होती. डॉक्टरांनी बाबांना काय सांगितलं ते मला कुणी सांगितलं नाही, पुढेही कधी सांगितलं नाही. मला ते त्या लाल आकड्यांवरून कळलं. बाटली हातात होती. बोटं बधिर झाली तेव्हा ती मी ओट्यावर ठेवली आणि भात लावला. किती वाट्या, म्हणून आत्याने विचारलं. नेहमीएवढाच, मी म्हणाले.

त्यानंतर मी बाटली ठेवली नाही. दोनपैकी एका अंड्याला बुरशी आली. वारंवार चढ-उतार झाल्यामुळे असेल, नसेलही. त्या चढ-उतारातली उतरण माझी होती. यावर नंतर किती रडले असेन असं लोकांना वाटतं. मी रडले नाही. ते अंडं कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकलं. दुसरं अंडं फुगत गेलं. एका सकाळी त्याला घाम फुटल्यासारखे थेंब आले आणि दुपारी आतून एक नाक बाहेर आलं.

बाबांनी पिलू इडलीच्या पार्सलच्या पारदर्शक डब्यात घेतलं, वरच्या फळीवरून रीळ उचललं आणि आईच्या खोलीत गेले. आत्याने आईच्या पाठीला उशी लावली. मी चष्मा पुसून दिला. आई बारीक झाली होती, चष्मा नाकावर टिकत नव्हता, म्हणून मी तो धरून ठेवला. तिने डबा हातात घेतला आणि बराच वेळ बघितलं.

"हा तर काळा आहे," आई म्हणाली.

काळाच होता. या पालींची पिलं कुठल्याही रंगाच्या आईबापांची असली तरी जन्मताना काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची असतात. पट्टे फुटून ठिपके होतात, ठिपके विरतात, आणि खरा रंग खालून हळूहळू वर येतो. बाबांनी तोवर अशी पन्नास-साठ पिलं पाहिली होती. हे त्यांना माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. मी या गोष्टीचा अनेक वर्षं विचार केला आहे. बटण चढवताना ते विसरले होते, की माहीत असूनही त्यांनी ते चढवलं? आता विचार करत नाही.

"रंग नंतर येतो," बाबा म्हणाले.

"किती नंतर?"

"आठ-दहा महिने."

आईने डबा परत दिला. "बरं," ती म्हणाली. "मग तेव्हा दाखवा." आणि आत्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, जावयाला सांगा, मुलगा झाला."

"मुलगा का मुलगी त्ये कुनाला ठावं इतक्यात," आत्या म्हणाली.

"मुलगाच आहे," आई म्हणाली.

तिला हे कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. पलंगावरून बाल्कनीतले लाल आकडे दिसत, एवढं खरं.

त्यानंतर अकराव्या दिवशी आई गेली. सकाळी, पेज निवत ठेवलेली असताना. सत्तावीसच्या हिशेबाने त्या दिवशी अंड्याचे अजून पाच दिवस उरले असते. माणसं आली, वाळत घातलेले कपडे काढून सतरंज्या घातल्या. सेक्रेटरींनी शोकसभेत 'शास्त्रज्ञाची सहधर्मचारिणी' असा उल्लेख केला. रातकिडे त्या दिवशीही किरकिरत होते. जमलेल्यांपैकी कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, हा आवाज कसला. आत्याने सांगितलं, "पालींचं जेवन." तेराव्यानंतर आत्याने चकल्यांचा डबा तीनदा राखेने घासला, आणि तो घेऊन ती गव्हाणला गेली.

बाबांनी त्यानंतर जोडी लावली नाही. प्रयोगवही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर त्या दोन अंड्यांची नोंद आहे, तारीख, आई अबोली, बाप बाहेरचा, आणि तापमानाच्या रकान्यात बाबांच्या ठसठशीत अक्षरात सत्तावीस. अख्ख्या वहीत खोटी नोंद एवढीच.

पिलू नर निघालं. जगलं, वाढलं, बापासारखं दणकट झालं. पट्टे विरले. दहाव्या महिन्यात रंग पूर्ण आला तेव्हा बाबा कॉलेजात होते. मी फळीवरचं रीळ काढून त्याच्या पाठीशेजारी धरलं. मग आईचा रिळांचा डबा काढला आणि एकेक रीळ लावून बघत बसले. जुळलं ते लिंबू पिवळ्याशी. त्या रंगाची आईकडे सहा रिळं पडून होती, सगळी कोरी, कारण त्या रंगाचा ब्लाउज खांदा कॉलनीत कुणी शिवून घेत नाही.